निवांत मोटर्सची वळणाची चाचणी

निवांत मोटर्स या कंपनीचं पहिलं उत्पादन म्हणजे एक रबरी शिक्का. गाडी त्यानंतर सात महिन्यांनी झाली. शिक्का मात्र कंपनी स्थापन झाली त्याच दिवशी दुपारी सेक्टर बावीसच्या मार्केटमधून आला, आणि संध्याकाळपर्यंत शिराळकरांनी तो विजेच्या बिलापासून वाण्याच्या यादीपर्यंत सगळ्यांवर मारून पाहिला. "आवक-जावक चोख असली की निम्मं काम होतं," असं ते वीणाताईंना म्हणाले. उरलेलं निम्मं काम म्हणजे विजेवर चालणारी मोटार बनवणं.

नंदकुमार शिराळकर केंद्र सरकारच्या एका खात्यातून उपसंचालक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीची शेवटची नऊ वर्षं चंदीगडात गेली. सरकारी क्वार्टर सोडल्यावर दोघं सेक्टर चव्वेचाळीसमधल्या एका कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर भाड्यानं आले, ते वीणाताईंच्या मते तात्पुरते. सांगलीला विश्रामबागेत फ्लॅट तयार होता, भिंतींना रंगसुद्धा लावून झाला होता. शिराळकरांचे तीन थोरले भाऊ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होते. दुखणं नेमकं तिथंच होतं. चंदीगडात शिराळकर 'सर जी' होते. बँकेतला वॉचमन त्यांना सर जी म्हणे, दूधवाला सर जी म्हणे, एकदा तर चुकीच्या बाजूनं येऊन त्यांना धडकलेला स्कूटरवालासुद्धा "देख के चलो, सर जी" म्हणाला होता. सांगलीच्या स्टेशनवर उतरलं की मात्र ते 'नंदू' होत. चौतीस वर्षं फायलींवर हिरव्या शाईनं सह्या केलेला माणूस, आणि शेवटी कोपऱ्यावरून ब्रेड आणायला पिटाळला जाणारा नंदू! ही भीती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

म्हणून कंपनी. आणि कंपनीला मुदत.

"दसऱ्यापर्यंत," वीणाताई म्हणाल्या. "तोवर एक तरी गाडी विकली गेली तर राहू इथं. नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पॅकर्स. मग मला काही सांगायचं नाही."

शिराळकरांनी लगेच याचं टिपण तयार केलं, दोन प्रती काढल्या, दोघांच्या सह्या घेतल्या आणि शिक्का मारला. शिक्क्याचा पहिला अधिकृत उपयोग हा.

कल्पना मूळची विंग कमांडर देवेंद्र मोहित्यांची. मोहिते कराडचे, हवाई दलातून निवृत्त होऊन समोरच्याच रांगेत राहायला आलेले. बागेत फेऱ्या मारताना ते म्हणाले, "शिराळकर, आपल्या वयाच्या माणसाला मार्केटला जाऊन कोथिंबीर आणायची असते. त्याला एवढी लांबलचक गाडी लागतेच कशाला? छोटी हवी, बसायला उंच हवी, दार रुंद हवं, आणि हळू हवी." हे 'हळू' शिराळकरांना फार आवडलं. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं सार त्यात आलं होतं.

तिसरे भागीदार गुरमेलसिंग. इंडस्ट्रियल एरिया फेज टूमध्ये त्यांची वर्कशॉप होती, तिथं ई-रिक्षाच्या बॉड्या आणि ट्रॉल्या बनत. गुरमेलसिंगांना कंपनीचं नाव 'शेर-ए-पंजाब ईव्ही' ठेवायचं होतं. पंचवीसच्या वेगानं जाणाऱ्या वाहनाला शेर म्हणणं ही जाहिरातीतली दिशाभूल ठरेल, असं शिराळकरांनी लेखी कळवलं. गुरमेलसिंगांनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सर जी, मैं तो यहीं खड़ा हूँ. मुँह से बोल देते."

त्यांनी वर्कशॉपच्या कोपऱ्यात शिराळकरांना एक टेबल, एक खुर्ची आणि डोक्यावर एक पंखा दिला. दुसऱ्या दिवसापासून शिराळकर बरोबर दहाला तिथं हजर होऊ लागले, एक वाजता डबा खाऊ लागले, आणि सहाला उठू लागले. वेल्डिंगच्या ठिणग्यांत बसून ते आवक नोंदवहीत 'नट, बोल्ट' अशा नोंदी करत. कारागीर सुरुवातीला बिचकले. इन्कम टॅक्सवाले आले असं त्यांना वाटलं होतं. मग हळूहळू तेही रजेचे अर्ज देऊ लागले, कारण शिराळकर ते मंजूर करायचे आणि गुरमेलसिंग कधीच करायचे नाहीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावर राहणारे घरमालक खुरानाजी रोज गेटवर अडवून सांगत, "डीज़ल लाओ जी. बैटरी का क्या भरोसा, फोन तक तो शाम को मर जाता है." महाराष्ट्र मंडळात तर तिळगुळाबरोबर सल्ले वाटले गेले. कुणी म्हणालं, हे पुण्यात काढायला हवं होतं. पुण्याहून बदलून आलेले एकजण म्हणाले, पुण्यात तर मुळीच काढू नका. एका बाईंनी गाडीत डबे ठेवायला फडताळ हवं असं सुचवलं, आणि ते सुचवल्याबद्दल पुढं वर्षभर त्या स्वतःला संस्थापक समजत होत्या. बंगळुरूहून मधुरिमाचा, म्हणजे मुलीचा, फोन आला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"बाबा, ये स्टार्टअप है या आपका पुराना ऑफिस?"

"स्टार्टअपच आहे. काल तीन तास मीटिंग झाली."

"और क्या डिसाइड हुआ?"

"पुढच्या मीटिंगची तारीख."

यात विनोदी काय होतं ते शिराळकरांना कळलं नाही.

आता चाकांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं चाकांवर उभं आहे. किंबहुना फिरतं आहे. कंपनी जरी स्वतःची असली तरी खरेदी नियमानंच व्हायला हवी, हा शिराळकरांचा हट्ट. पाव किलो खिळे आणायचे तरी तीन बंद पाकिटांत कोटेशनं यायची, तिघांच्या समक्ष उघडायची, आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर जायची. गुरमेलसिंगांचे नेहमीचे दुकानदार शेजारच्याच गल्लीत होते. त्यांनी पहिली दोन पाकिटं हसत हसत दिली, तिसऱ्यांदा शटर ओढून घेतलं. मार्च महिना उजाडला. ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना मार्चअखेर म्हणजे काय हे सांगायला नको. एकतीस मार्चच्या आत तरतूद संपवायची, नाहीतर पुढच्या वर्षी ती मिळत नाही. इथं तरतूद करणारे शिराळकर, देणारे शिराळकर आणि परत घेणारेही शिराळकरच होते, पण हाडीमाशी खिळलेली सवय. त्यांनी हिशेब बसवला आणि त्या वर्षाच्या तरतुदीत दोनच चाकं बसली. ती मार्चमध्ये आली. उरलेली दोन नव्या आर्थिक वर्षात, नव्या कोटेशनांनी, नव्या दुकानदाराकडून एप्रिलमध्ये आली.

मार्चची चाकं डावीकडं बसली आणि एप्रिलची उजवीकडं. गुरमेलसिंग खाली वाकले, दोन्हीकडून पाहिलं, वीत लावून पाहिली.

"सर जी, एह चक्के छोटे ने."

शिराळकरांनी फाईल काढली. 'चाक, नग दोन' असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. आकार लिहिलेला नव्हता, कारण मार्चच्या मजकुरावरून एप्रिलचा मजकूर उतरवताना मधली ओळ राहून गेली होती. "माल मागणीप्रमाणेच आला आहे," ते म्हणाले. "आता नाकारता येणार नाही. नाकारायचा तर पुन्हा तीन कोटेशनं."

पुन्हा तीन कोटेशनं म्हटल्यावर गुरमेलसिंगांनी पगडीवरून हात फिरवला आणि स्टीअरिंगचा एक रॉड ठोकून थोडा वाकवला. "ठीक है जी. बस, चलाते वक़्त खब्बे पासे पकड़ के रखना. सज्जे को भागेगी." म्हणजे डावीकडं धरून ठेवायचं, गाडी उजवीकडं ओढणार. मोहिते म्हणाले, यात काही विशेष नाही, त्यांनी सबंध आयुष्य एका बाजूला ओढणारी विमानं उडवली होती.

ऑगस्टमध्ये गाडी तयार झाली. रंग फिकट पिवळा. दार रुंद, आसन उंच, मागं डब्यांचं फडताळ. चार माणसं ऐसपैस बसत. वीणाताईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, गुरमेलसिंगांनी बुंदीचे लाडू वाटले आणि गाडी वर्कशॉपच्या अंगणात न आवाज करता वीस पावलं गेली. शिराळकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांत त्यांनी पुढं सरकवलेली पहिली वस्तू अशी होती की जी सरकताना दिसत होती.

किती पैसे गेले हा विषय वीणाताईंनी घरात बंद केला होता, तेव्हा आपणही तो काढायचा नाही.

मग नोंदणी. शिराळकर सगळी कागदपत्रं घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, हे वाहन कशात बसतं? मोटारीत बसत नाही, कारण मोटारीच्या चाचण्या झालेल्या नाहीत. ई-रिक्षात बसत नाही, कारण चाकं चार आहेत. गोल्फच्या मैदानातल्या बगीत बसत नाही, कारण दारं आहेत. "फॉर्म में इसका खाना ही नहीं है, सर. मंगलवार को आइए." शिराळकर मंगळवारी गेले. त्या मंगळवारी पुढचा मंगळवार मिळाला. चौथ्या मंगळवारी घरी परतताना त्यांना एकदम जाणवलं की हे वाक्य, हा स्वर, 'सर' म्हणताना मान किंचित कलती ठेवण्याची ही पद्धत, सगळं त्यांचंच आहे. हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं नाही. उलट, खिडकीतला तो मुलगा कामात मुरलेला आहे, असं ते वीणाताईंना कौतुकानं म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात त्यांना तो नियम सापडला. विजेवर चालणारं, ताशी पंचवीसच्या आतलं वाहन असेल तर नोंदणी लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, काहीच लागत नाही! शिराळकरांनी ते पान छापून घेतलं, नेमक्या ओळीवर पिवळी पट्टी चिकटवली आणि फायलीत लावलं. नियम शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गुरमेलसिंगांनी गाडीच्या वेगाला चोवीसवर लगाम घातला.

गिऱ्हाईकही देवासारखं धावून आलं. डेराबस्सीत औषधांचा कारखाना असलेले अरोडाजी गुरमेलसिंगांच्या ओळखीचे. कारखान्याच्या आवारात पाहुण्यांना फिरवायला त्यांना बारा छोट्या गाड्या हव्या होत्या. बारा! शिराळकर तो आकडा दोनदा लिहून बसले. दसऱ्याला तीन आठवडे राहिले होते. अरोडाजी म्हणाले, रविवारी सकाळी बसून बघतो, आवडली तर तिथंच हात मिळवतो. येताना त्यांनी ब्याऐंशी वर्षांच्या आईला, म्हणजे बीजींनाही आणलं, कारण गाडीत बसायला-उतरायला सोपं आहे असा कंपनीचा दावा होता आणि तो बीजींच्या गुडघ्यांवर तपासायचा होता.

बीजी सहज चढल्या. पहिला गड सर झाला. शिराळकर स्टीअरिंगवर, शेजारी मोहिते, मागं बीजी आणि अरोडाजी. अरोडाजींचं वजन चांगलं भरभक्कम, आणि ते नेमके उजव्या बाजूला, एप्रिलच्या चाकावर बसले. शिराळकर दात-ओठ खात स्टीअरिंग डावीकडं धरून होते आणि चेहऱ्यावर मात्र हसू ठेवून होते. इंडस्ट्रियल एरियातून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, दुतर्फा झाडं. अरोडाजी "वाह जी वाह" म्हणाले. शिराळकरांना एक क्षण असं वाटलं की आता सांगली काही येत नाही.

पुढं चौक आला. चंदीगडात चौक म्हणजे मधोमध भलं मोठं गोल बेट, फुलझाडं, हिरवळ. आपण डावीकडून शिरायचं, बेट उजव्या हाताला ठेवून फिरायचं आणि आपला रस्ता आला की डावीकडं बाहेर पडायचं. या शहरात खड्डे नसतात असं इथले लोक छाती काढून सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पावसानंतर एकच राहिला असावा, तो चौकाच्या तोंडाशी होता. पुढचं चाक त्यात आदळलं, खाली कुठंतरी 'कट्ट' असा आवाज झाला, आणि त्यानंतर स्टीअरिंग डावीकडं वळेना. उजवीकडं मात्र हवं तितकं वळत होतं.

पहिला रस्ता हुकला. दुसरा हुकला. तिसरा, चौथा. गाडी बेटाला एक पूर्ण फेरा घालून पुन्हा खड्ड्यापाशी आली.

"मोहिते," शिराळकर मराठीत पुटपुटले, "डावीकडं जात नाहीये."

"थांबवू नका," मोहित्यांनी समोर बघतच सांगितलं. गाडी थांबवली की तिचं मोटर चालवणारं यंत्र तापल्यामुळं वीस मिनिटं रुसून बसायचं, हे दोघांना ठाऊक होतं. तेही सर्वांत कमी दराचं होतं. "धावपट्टी मोकळी नसली की आम्ही वर घिरट्या घालायचो. शांत राहायचं. घिरट्या घाला."

दुसऱ्या फेऱ्याला अरोडाजींनी विचारलं, "शिराळकर साब, हम उधर नहीं जा रहे थे?"

आणि इथं शिराळकरांच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं असं विधान बाहेर पडलं ज्याला कागदाचा आधार नव्हता. "ये हमारी वळण की... मोड़ की चाचणी है. टेस्ट! बहुत कम गाड़ियाँ इतना एकसारखा मुड़ती हैं."

"अच्छा!" अरोडाजी प्रभावित झाले. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत ते प्रभावित होते. चौथ्याला त्यांनी घड्याळ पाहिलं. पाचव्याला त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली. बीजींची मात्र कळी खुलली होती. त्यांनी काच खाली केली होती. "ओ वेख, गेंदे दे फुल्ल! ओ फेर आ गए!" प्रत्येक फेऱ्याला तीच झेंडूची रांग येई आणि प्रत्येक फेऱ्याला बीजी तिचं नव्यानं स्वागत करीत.

सहाव्या फेऱ्याला कडेला लोक उभे राहिले. कुणीतरी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. सातव्याला सकाळी पळायला निघालेल्या दोन तरुणांनी टाळ्या वाजवल्या आणि बीजींनी त्यांना हात हलवून आशीर्वाद दिला. आठव्याला झाडाखाली उभा असलेला वाहतूक पोलिस पुढं आला. नवव्याला त्यानं शिट्टी मारली. शिराळकरांनी त्याला मान लववून नमस्कार केला आणि पुढं गेले. दुसरं करणार काय? दहाव्या फेऱ्याला दोघांची नजरानजर झाली, आणि त्या नजरेत इतकी अगतिकता होती की हवालदारानं शिट्टी खाली घेतली आणि येणाऱ्या गाड्याच थांबवून धरल्या. अकराव्या फेऱ्यात बॅटरी संपली. गाडी काही आवाज न करता, मोठ्या अदबीनं, हवालदाराच्या पुढ्यातच थांबली.

"नंबर किथे है जी, गाड़ी का?"

शिराळकर खाली उतरले. इथं ते आपल्या मैदानात होते. त्यांनी फाईल उघडली, पिवळी पट्टी दाखवली. "नियम के अनुसार आवश्यकता नहीं."

हवालदारानं फाईल घेतली. तो खात्याच्या परीक्षेला बसणार होता, हे नंतर कळलं. त्यानं पिवळी पट्टी वाचली, मग पान उलटून मागची बाजू वाचली, मग शांतपणे बोट ठेवलं. "सर जी, ये दो पहिए वालों के लिए है. आपके तो चार हैं."

शिराळकरांनी वाचलं. खरंच दोन चाकी होतं. चौतीस वर्षं लोकांना 'मागे पाहा' असा शेरा मारणाऱ्या माणसानं पान उलटून पाहिलं नव्हतं. अरोडाजी तोवर दुभाजकावर डोकं धरून बसले होते. हवालदार भला माणूस. त्यानं पावती फाडली नाही, गाडी ढकलायला स्वतः हात लावला, आणि एवढंच म्हणाला, "सड़क पे दोबारा मत लाना, सर जी." तो 'सर जी' शिराळकरांना जितका लागला तितकं आजवर काहीच लागलं नव्हतं.

बाराची ऑर्डर दुपारीच रद्द झाली. मोहिते दोन दिवस बागेत फिरायला आले नाहीत. मग आले, आणि म्हणाले, "लँडिंग मात्र सुरेख झालं हं." शिराळकरांनी एका आठवड्यात कंपनी बंद करण्याचं टिपण लिहिलं. कारणं सात पानी होती आणि सातही पानांवर ती एकाच माणसाकडं बोट दाखवत होती. स्वतःविरुद्ध इतकी निःपक्षपाती चौकशी त्या शहरात क्वचितच झाली असेल.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी वर्कशॉपमधल्या टेबलावर फोन आला. बीजी होत्या.

"पुत्तर, ओ पीली गड्डी मैनूं चाहिदी ए."

शिराळकरांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. गाडी सरळ जात नाही. डावीकडं तर जातच नाही. रस्त्यावर आणायला बंदी आहे. बीजींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या बंगल्यामागं गोल बाग होती आणि बागेभोवती गोल फरसबंद वाट. गुडघ्यांमुळं चार वर्षांत त्या त्या वाटेवर गेल्या नव्हत्या. "सिद्धी जाण वाली गड्डियां तां घर विच चार खड़ियां ने," त्या म्हणाल्या. "मैं सिद्धी जा के करना की है?" म्हणजे सरळ जाणाऱ्या चार गाड्या घरात उभ्याच आहेत, सरळ जाऊन मी करू काय?

दुसऱ्या दिवशी गुरमेलसिंगांनी गाडी टेम्पोत घालून डेराबस्सीला पोचवली. स्टीअरिंग दुरुस्त करून देऊ म्हटल्यावर बीजींनी साफ नको सांगितलं. कंपनीनं बनवलेल्या गाड्या एकूण एक, आणि विकल्या गेलेल्या एकूण एक. शंभर टक्के उत्पादन संपवून निवांत मोटर्स बंद पडली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिराळकर स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी येऊन बसले. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, चेहरा पडलेला.

"पॅकर्सचा नंबर दे," ते म्हणाले.

"कशाला?" वीणाताई पोळ्या लाटत होत्या. "गाडी विकली गेली ना?"

"ती विक्री धरता येणार नाही." शिराळकरांनी टिपणाची प्रत टेबलावर ठेवली. "माल सदोष होता. ग्राहकाला दोष माहीत होता. शिवाय जे रस्त्यावर जाऊ शकत नाही ते वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. बागेत गोल फिरतं त्याला पाळणा म्हणतात. आपल्या टिपणात 'गाडी' असा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळं अट पूर्ण झालेली नाही, आणि ठरल्याप्रमाणे आपल्याला सांगलीला गेलं पाहिजे."

आपलीच केस ते इतक्या चोखपणे हरले होते की आता अपील करायलाही जागा नव्हती. वीणाताईंनी गॅस बंद केला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्हाला जायचंय का सांगलीला?"

"प्रश्न इच्छेचा नाही, वीणा. मूळ टिपण बघता..."

"टिपण राहू दे. जायचंय का?"

"नाही," शिराळकर म्हणाले. त्यांच्या हयातीतला हा सर्वांत छोटा अभिप्राय होता.

"मलाही नाही."

शिराळकर सावरून बसले. "अगं, पण तूच तर मागं लागली होतीस! भिंतींना रंग लावलास!"

"मग काय करू? तुम्ही रिटायर होणार म्हटल्यावर मीच घाबरले होते." वीणाताईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "चौतीस वर्षं साडेनऊ ते साडेसहा घर माझं होतं. एकदम तुम्ही दिवसभर घरात? फोडणी किती वेळ तडतडली त्याची नोंद ठेवणार? म्हटलं, सांगलीत तीन थोरले भाऊ आहेत, आळीपाळीनं सांभाळतील. ब्रेड आणायला पाठवतील, बाजारात नेतील, दिवस जाईल तुमचा. पण या वर्षात बघितलं ना मी. तिघांचं काम इथं गुरमेलजी एकटे करतात. आणि तुम्ही संध्याकाळी घरी येता ते खूश होऊन येता. मलाही बरं वाटतं तुम्ही आलात की."

शिराळकरांनी अपमान वाटून घ्यायचं ठरवलं. कारण पुरेसं होतं, सबळ होतं. पण ओठ ऐकेनात, ते हसायला लागले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघून वेळ मारून नेली.

"पण कंपनी बंद झाली," ते म्हणाले.

"कंपनी झाली बंद. गुरमेलजींनी टेबल काढून टाकलंय का तिथलं?"

"नाही. काल म्हणत होते, ट्रॉल्यांचं काम आलंय, कागदं कुणीतरी बघायला हवीत."

वीणाताई उठल्या, पोळ्या डब्यात घातल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा त्यांच्यापुढं ठेवला.

"मग पावणेदहा वाजलेत," त्या म्हणाल्या.

शिराळकर ताडकन उठले आणि लगबगीनं जिना उतरले. दहाच्या नंतर पोचणं त्यांना कधीच खपलं नव्हतं.